घरचं गाणं आणि कोरी सीडी

विकत आणलेल्या गाण्याची सीडी खराब झाली तर दुसरी मिळते. दुकानात नाही मिळाली तर मोबाइलवर मिळते. पण आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचा एकादशीचा जागर, वडिलांच्या साठीला दिवाणखान्यात रंगलेली मैफल, मुलीनं पेटीवर पहिल्यांदा वाजवलेला भूप, यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. ती कॅसेट तुटली की ते गाणं संपलं. दोन हजार सालानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी घरांमधून असं कितीतरी गाणं कॅसेटवरून संगणकात आणि संगणकातून कोऱ्या सीडीवर गेलं. ‘सीडी मारून ठेवली आहे, आता काळजी नाही,’ असं म्हणून मूळ कॅसेटी रद्दीत दिल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच सीड्या आज प्लेअरमध्ये घातल्या की नुसत्या घरघरतात.

यात दोष गाण्याचा नव्हता आणि संगणकाचाही फारसा नव्हता. कोरी सीडी घेताना आपण ‘कितीला दिली?’ एवढंच विचारलं, हे खरं कारण. त्या काळात सुटी सीडी दहा-पंधरा रुपयांत मिळायची आणि सगळ्या सीड्या एकसारख्याच असतात असं आपण धरून चाललो. त्या एकसारख्या नव्हत्या, आजही नाहीत. कोऱ्या सीड्या अजून विकत मिळतात, जुन्या गाड्यांत आणि घराघरांत सीडी प्लेअर शाबूत आहेत, आणि ज्येष्ठ मंडळींना आपलं गाणं हातात धरता येईल असं हवं असतं. तेव्हा सीडी घ्यायचीच असेल तर ती पारखून कशी घ्यावी, हे नीट सांगायला हवं.

आत काय असतं

कारखान्यातून गाण्यासकट येणारी सीडी छापलेली असते. तिच्यातले सूक्ष्म खड्डे साच्यातून उठवलेले असतात. कोऱ्या सीडीत खड्डे नसतात. १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती, तिच्यात आधीच आखलेली सर्पिल खाच, त्या खाचेवर सेंद्रिय रंगाचा अतिशय पातळ थर, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा आरसा, त्यावर लाखेसारखं संरक्षक लेपन आणि सगळ्यात वर छपाई, अशी तिची रचना असते. ८० मिनिटांच्या सीडीवरची ही खाच उलगडून सरळ मांडली तर साडेपाच किलोमीटरांहून लांब भरेल.

राइट करताना ड्राइव्हमधला लेझर त्या रंगाच्या थराला ठिकठिकाणी भाजतो. भाजलेल्या जागी प्रकाश कमी परततो, न भाजलेल्या जागी जास्त. वाजवताना प्लेअरचा मंद लेझर हाच फरक वाचतो. म्हणजे आपलं सगळं गाणं एका रंगाच्या थरात असतं. रंग विटला किंवा त्यामागचा आरसा काळवंडला की गाणं गेलं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. सीडीच्या चकचकीत बाजूला ओरखडा पडला की आपण हळहळतो. पण त्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिकचं कवच आहे. बारीक ओरखड्याकडे लेझर बऱ्याचदा दुर्लक्ष करू शकतो. खरा धोका नावाच्या बाजूला असतो. तिथे आरसा आणि रंग यांच्यावर लेपनाचा जेमतेम पापुद्रा असतो. बॉलपेननं जोर देऊन ‘बाबांची मैफल’ असं लिहिलं की टोकाचा दाब थेट आरशावर उमटतो. स्टिकर लावला तर त्याचा गोंद वर्षानुवर्षं लेपनात मुरत राहतो आणि फिरताना सीडीचा तोलही जातो.

रंगावरून कूळ

कोऱ्या सीड्यांमध्ये मुख्यतः तीन रंगद्रव्यं वापरली गेली. पहिलं सायनिन. जपानच्या तायो युदेन कंपनीनं १९८८ मध्ये ध्वनिमुद्रण करता येणारी सीडी तयार केली ती याच द्रव्यावर. ते लेझरला चटकन दाद देतं, त्यामुळे वेगवेगळ्या ड्राइव्हशी त्याचं जमतं. मात्र उजेड त्याला मानवत नाही. दुसरं थॅलोसायनिन. मित्सुईनं ते पुढे आणलं. उजेडाला आणि काळाला ते जास्त टिकतं, पण लेझरची ताकद नेमकी असावी लागते. तिसरं ॲझो, मित्सुबिशी केमिकलचं. व्हर्बेटिम या नावानं विकल्या गेलेल्या गडद निळ्या सीड्या त्याच्या.

सीडी उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. गर्द निळा रंग दिसला तर बहुधा ॲझो. फिकट, जवळजवळ रंगहीन पोपटी झाक असेल तर थॅलोसायनिन. निळसर हिरवी झाक असेल तर सायनिन असण्याची शक्यता. आरसा सोन्याचा असेल तर खालून सोनेरी किंवा हिरवट सोनेरी दिसतो. नुसत्या डोळ्यांनी केलेली ही पारख दर वेळी अचूक ठरत नाही, पण दहा सीड्या शेजारी शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो.

आयुष्याचं म्हणाल तर कॅनडाच्या कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटनं दिलेला अंदाज संग्रहपालांमध्ये नेहमी आधाराला घेतला जातो. थॅलोसायनिन आणि सोन्याचा आरसा असेल तर १०० वर्षांहून अधिक, थॅलोसायनिन आणि चांदी असेल तर ५० ते १००, आणि सायनिन किंवा ॲझोसोबत चांदी असेल तर २० ते ५० वर्षं. हे आकडे चांगल्या प्रतीची सीडी, नीट केलेलं मुद्रण आणि थंड-कोरडी जागा गृहीत धरून आहेत. दादरच्या चाळीतल्या ओल आलेल्या भिंतीलगतच्या कपाटासाठी ते नाहीत. सोनं काळवंडत नाही, चांदी काळवंडते, एवढं मात्र कोणत्याही हवेत खरं.

नाव एकाचं, माल दुसऱ्याचा

वेष्टनावरचं नाव आणि आतला कारखाना यांचा संबंध असेलच असं नाही, हे या धंद्यातलं मोठं सत्य. नावाजलेल्या कंपन्या वेगवेगळ्या कारखान्यांकडून सीड्या करून घेत आणि वर आपलं नाव छापत. एकाच नावाचे दोन खोके दोन वेगळ्या देशांतून आलेले असत.

आपल्या देशात या व्यवसायाचं मोठं नाव होतं मोझर बेअर. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही कंपनी आधी हजेरीची घड्याळं आणि मग फ्लॉपी बनवायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती कोऱ्या सीड्यांकडे वळली आणि काही वर्षांतच जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. नॉयडा परिसरातल्या तिच्या कारखान्यांतला माल परदेशी नावांच्या वेष्टनांतही जाई. पेनड्राइव्ह आले, इंटरनेट स्वस्त झालं, मागणी आटली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली. त्याआधी, २०१५ च्या अखेरीस, खुद्द तायो युदेननं हा व्यवसाय सोडला होता. तिचं तंत्र तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेलं. याच कंपनीनं २०१९ मध्ये मित्सुबिशी केमिकलकडून व्हर्बेटिमही घेतली.

म्हणून ‘व्हर्बेटिम घ्या’ किंवा ‘जपानी घ्या’ हा वीस वर्षांपूर्वीचा सल्ला आज जसाच्या तसा चालत नाही. निर्माता शोधायला एक सोपी वाट आहे. प्रत्येक कोऱ्या सीडीच्या खाचेत कारखान्यातूनच एक सांकेतिक वेळ कोरलेली असते. सीडी ड्राइव्हमध्ये घालून इमबर्नसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये पाहिलं की ती वाचता येते. ९७ मिनिटं २४ सेकंद असं काही दिसलं तर साचा तायो युदेनच्या कुळातला. संकेत साच्याचा मालक सांगतो, त्या दिवशीची कारागिरी सांगत नाही. तरी एका नावाखाली दोन वेगळे संकेत निघाले तर आपल्या हातात दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पक्कं समजावं.

तपकीर गल्लीत

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली एके काळी अशा सीड्यांच्या उभ्या खोक्यांनी भरलेली असायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडचंही तेच. आज तिथे सीसीटीव्ही कॅमेरे आणि एलईडी दिवे टांगलेले दिसतात. एका दुकानदारकाकांना कोऱ्या सीडीबद्दल विचारलं तर त्यांनी शिडी लावून वरच्या फळीवरून खोका काढला.

“घेणारे आता मोजकेच. एमआरआयवाले घेतात, वकील लोक घेतात कोर्टात पुरावा द्यायला, आणि भजनाची मंडळी,” ते म्हणाले. “भजनवाले एकच विचारतात, गाडीत वाजेल ना?”

खोक्यावर धूळ होती, सील शाबूत होतं. सील शाबूत म्हणजे माल ताजा, असं मात्र समजू नये. रंगाचा थर राइट होण्याआधीही जुना होत असतो. न वापरलेल्या कोऱ्या सीडीचं आयुष्य उत्पादक साधारण ५ ते १० वर्षं सांगतात. फळीवर बारा वर्षं पडलेला खोका अर्ध्या किमतीत मिळाला तरी घरच्या गाण्यासाठी घेऊ नये. निर्मितीची तारीख छापली असेल तर वाचावी, नसेल तर दुकानदाराला विचारावं, आणि आधी दहाच सीड्या घेऊन तपासाव्यात.

काकांनी एक सीडी काढून दिली. ती ट्यूबलाइटसमोर धरली तेव्हा आरपार सुईच्या टोकाएवढे दोन-तीन उजेडाचे ठिपके दिसले. म्हणजे आरशाचा थर तिथे बसलाच नव्हता. कडेला पाहिलं तर लेपन काठापर्यंत पोचलेलं नव्हतं; रंगाची कडा उघडी होती. हवेतला दमटपणा शिरतो तो इथूनच. दुसऱ्या खोक्यातली सीडी अशीच धरली तर एकही ठिपका नाही, रंग मध्यापासून काठापर्यंत सारखा, लेपन काठाच्या पुढे उतरलेलं. दोन्हींच्या किमतीत दोन-चार रुपयांचा फरक होता. ही पारख करायला एक मिनिट लागतं आणि दुकानातला ट्यूबलाइट पुरतो.

दुकानात ‘म्युझिक सीडी’ असं लिहिलेला महाग खोका दिसला तर त्याला भुलू नये. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं घरगुती ध्वनिमुद्रणाच्या डिजिटल साधनांवर स्वामित्वशुल्क बसवलं. ते भरलेल्या सीड्यांना वेगळी खूण असते आणि घरगुती ऑडिओ रेकॉर्डर तीच खूण असलेल्या सीड्या स्वीकारतात. आवाजाची प्रत त्यानं वाढत नाही. संगणकावरून राइट करणाऱ्याला साधी सीडी पुरते. पुन्हा पुन्हा राइट होणारी सीडीही ऐकण्यासाठी घेऊ नये. तिच्यावरून परतणारा प्रकाश इतका कमी असतो की जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत.

ऐकायची वेगळी, ठेवायची वेगळी

एकाच सीडीकडून दोन कामांची अपेक्षा करणं हे आपल्या घरांतल्या बऱ्याच नुकसानाचं मूळ आहे. आत्याला ऐकायला द्यायची सीडी वेगळी आणि नातवंडांसाठी ठेवायची वेगळी.

ऐकायची सीडी ऑडिओ स्वरूपात करावी, म्हणजे ती कोणत्याही प्लेअरवर वाजते. तिच्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनेल असा आवाज असतो. मिनिटाला साधारण दहा एमबी. मर्यादा ८० मिनिटांची. साठची कॅसेट एका सीडीत आरामात बसते, नव्वदची बसत नाही. तिच्या दोन बाजूंच्या दोन सीड्या कराव्यात. ऐंशीव्या मिनिटापर्यंत खेचण्याचा मोहही टाळावा. सर्वांत बाहेरची कड हाताळणीत आणि दमट हवेत आधी बिघडते, म्हणून सत्तर-पंचाहत्तर मिनिटांवर थांबलेलं बरं.

ठेवायची सीडी मात्र डेटा स्वरूपात करावी. कारण तांत्रिक आहे, पण साधं आहे. सीडीवरचा प्रत्येक कप्पा २३५२ बाइटचा. ऑडिओ सीडीत हे सगळे बाइट आवाजासाठी वापरले जातात. डेटा सीडीत त्यातले २०४८ मजकुरासाठी असतात आणि उरलेल्यांतला मोठा भाग चूक हेरून दुरुस्त करण्याच्या आकडेमोडीला दिलेला असतो. ऑडिओ सीडीत वाचता न आलेली जागा प्लेअर अंदाजानं भरतो आणि आपल्याला ते कळतही नाही. डेटा सीडीतली फाइल अचूक वाचली जाते, नाही तर स्पष्टपणे नापास होते. जपणुकीसाठी हा स्पष्टपणाच मोलाचा. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावी. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही न गमावता आकार बराच कमी होतो, त्यामुळे नव्वदची अख्खी कॅसेट बहुधा ७०० एमबीत मावते. ठेवणीसाठी एमपी३ नको. त्यात टाकून दिलेला आवाज पुन्हा आणता येत नाही.

मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला केलं असेल तर तासाला दोन जीबी लागतात. तिथे सीडी पुरत नाही, डीव्हीडी किंवा ब्लू-रे घ्यावी. डीव्हीडीत रंगाचा थर दोन चकत्यांच्या मधोमध असल्यानं वरच्या बाजूच्या ओरखड्याची धास्तीही कमी.

राइट करताना

एका भजनी मंडळाच्या मुद्रणाची सीडी करताना मी शेजारी बसून पाहिली. मंडळात एक अभंग संपता संपता मृदंगाचा ठेका तसाच राहतो, टाळ चालूच असतात आणि त्यावर पुढचा अभंग उचलला जातो. प्रोग्रॅममध्ये ‘ट्रॅक ॲट वन्स’ ठेवलं तर दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता पडते. ठेका मोडतो, आणि मृदंगवाल्याला ते ऐकवत नाही. ‘डिस्क ॲट वन्स’ निवडलं आणि मधलं अंतर शून्य केलं की गजर अखंड राहतो. त्याच पर्यायानं सीडी शेवटी बंदही होते. बंद न केलेली सीडी साध्या प्लेअरवर वाजत नाही.

राइट सुरू होण्याआधी ड्राइव्ह सीडीच्या अगदी आतल्या भागात एका राखीव जागी लेझरची ताकद अजमावून पाहतो. त्या विशिष्ट रंगाला किती आच लागेल हे तो तिथे ठरवतो. म्हणूनच तुमच्या ड्राइव्हशी जमणारी सीडी शेजाऱ्याच्या ड्राइव्हशी जमेलच असं नाही. जितकं हळू तितकं चांगलं, हा जुना समजही आता सोडावा. ४८ किंवा ५२ पट वेगासाठी बनवलेल्या सीडीवर अगदी कमी वेगानं राइट केलं तर कधी कधी चुका वाढतात. १६ ते २४ पट हा मधला वेग बहुतेक ठिकाणी चांगला बसतो. १६ पटीनं अख्खी सीडी पाच-सहा मिनिटांत होते. तेवढा वेळ संगणकाला दुसरं काम देऊ नये.

सीडी बाहेर आली म्हणजे काम झालं असं नाही. ‘व्हेरिफाय’ची खूण करून फाइली मूळ प्रतीशी ताडून घ्याव्यात. ज्यांच्याकडे योग्य ड्राइव्ह आहे त्यांनी चुकांची मोजणी करावी. मानकानुसार पहिल्या पातळीच्या चुका सेकंदाला सरासरी २२० च्या आत हव्यात. चांगल्या सीडीवर त्या याच्या कितीतरी खाली असतात. दुसऱ्या पातळीची दुरुस्त न होणारी एकही चूक दिसली तर ती सीडी ठेवणीतून बाद करावी. एवढं साधन नसेल तर ती घरातल्या सर्वांत जुन्या प्लेअरवर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या ट्रॅकला वाजवून पाहावी. शेवटचा ट्रॅक अडखळला तर सीडी कडेला कच्ची आहे.

आपली हवा

सीडीच्या जपणुकीची अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या संस्थेची २००३ ची मार्गदर्शिका ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगते. जुलैतल्या रत्नागिरीत किंवा मेमधल्या अकोल्यात हे घरात कुठेच जमणार नाही. जमेल ते करावं. प्रत्येक सीडी स्वतंत्र कडक डबीत, उभी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात ती चिकटते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती दर पावसाळ्यानंतर बदलावी. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नसावं. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेल्या सीडीचा रंग उतरत जातो, म्हणून गाडीत नेहमी ऐकायची प्रतच न्यावी. नाव लिहायचं ते मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारित मार्करनं. आणि जमलं तर मधल्या पारदर्शक कड्यावरच.

एवढं करूनही एकट्या सीडीवर विसंबू नये. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ आपल्या मार्गदर्शक सूत्रांमध्ये राइट केलेल्या सीड्यांना एकमेव ठेव मानू नका असंच बजावते. दोन वेगळ्या निर्मात्यांच्या सीड्यांवर दोन प्रती, तिसरी प्रत हार्ड डिस्कवर, आणि एखादी प्रत दुसऱ्या गावातल्या नातलगाकडे, एवढी शिस्त कोणत्याही घराला झेपते. दर तीन-चार वर्षांनी सगळ्या सीड्या वाचून पाहाव्यात आणि कुरकुरायला लागलेली लगेच नव्या सीडीवर उतरवून घ्यावी.

हे कष्ट कशासाठी, असं कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या आणि जपल्या गेल्या, म्हणून आज ते आवाज आपल्याला ऐकता येतात. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, वसंतराव देशपांडे यांच्या अनेक खाजगी मैफली आपल्यापर्यंत पोचल्या त्या कुण्या रसिकानं टेप लावला आणि पुढच्या कुणी तो सांभाळला, म्हणून. ती टेप लावणारी माणसं आपल्यासारखीच घरगुती होती.

वाचकांना विनंती एवढीच. या दिवाळीत माळ्यावरचा कॅसेट-सीड्यांचा खोका खाली काढा. घरच्या गाण्याच्या सीड्या आधी वाजवून पाहा आणि वाचता येतंय तोवर संगणकावर उतरवून घ्या. चांगल्या दहा कोऱ्या सीड्या आणा, ट्यूबलाइटसमोर पारखा, दोन प्रती करा आणि तपासून ठेवा. प्रत्येक डबीत एक चिठ्ठी घाला: कोण गायलं, साथीला कोण होतं, कुठे, कोणत्या साली. हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवरच ती चिठ्ठी लिहून होईल.